खुंटीवरचा दुसरा दांडा

मी एक दांडा बोलतोय. हातभर लांब, मनगटाएवढा जाड, लालभडक, दोन्ही टोकांना पितळी कडी. घाबरत घाबरत बोलतोय, तेव्हा आवाज कापला तर समजून घ्या. माझी सगळी हयात भीतीत गेली. भीती कसली म्हणाल, तर लोक माझ्यावर विश्वास ठेवतील याची.

तुम्हाला हे उलटंच वाटेल. आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून रडणारे सगळीकडे भेटतात. पण मी खोटा आहे हो. एका खऱ्या दांड्याची नक्कल आहे, आणि इतकी हुबेहूब की कुणालाही फरक कळत नाही. हेच माझं दुखणं आहे.

आधी त्या खऱ्याविषयी सांगतो, म्हणजे माझं दुःख समजेल. एका डोंगराळ भागात छोटीशी रेल्वे होती. अरुंद रूळ, बुटकी इंजिनं, लाकडी बाकांचे चार डबे. खालचं स्टेशन आणि वरचं स्टेशन यांच्यामध्ये सात मैलांचा एकेरी रूळ. वर जाणारी गाडी आणि खाली येणारी गाडी समोरासमोर येऊन आदळू नये म्हणून एक नियम होता. नियमाच्या पुस्तकात तो दोन पानं भरून लिहिला होता, पण गाडीवरची माणसं एवढंच म्हणत, ‘दांडा ज्याच्या हातात, रूळ त्याचा.’

तो लाल दांडा साऱ्या जगात एकच. तो हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही. दांडा वर असेल तर गाडी वरूनच सुटणार, खाली असेल तर खालूनच. तो एकटा होता म्हणून शेकडो माणसं बिनधास्त बाकांवर डुलक्या घेत. एखादवेळी पॅसेंजर वर बराच वेळ थांबणार असेल आणि खडीगाडीला खालून वर यायची घाई असेल, तर पोस्टमन टपालाच्या पिशवीबरोबर दांडाही सायकलला बांधून उतारावरून खाली आणून देई. नियमात हे कुठेच लिहिलं नव्हतं. पण पोस्टमनला उतार आवडायचा आणि मास्तरांना गाड्या वेळेवर सुटलेल्या आवडायच्या, तेव्हा कुणाची काही तक्रार नव्हती.

या गाडीवर चष्मेवाल्यांचा भारी जीव. चष्मेवाले म्हणजे माझे जन्मदाते. बाजाराच्या गल्लीत त्यांचं चष्म्यांचं दुकान, आणि दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांनी मांडलेली त्या रेल्वेची छोटी प्रतिकृती. दोन टेबलं जोडून त्यावर सगळा डोंगर, दोन्ही स्टेशनं, पूल, खिंड. बोटभर उंचीची माणसं आणि वितीएवढं इंजिन. दर गुरुवारी दुकान बंद ठेवून ते पॅसेंजरनं वर जात, हातात टेप आणि वही. सिग्नलच्या खांबाची उंची मोज, पाण्याच्या टाकीचे खिळे मोज. स्टेशनवरची मंडळी त्यांना फूटपट्टी म्हणत.

त्या गाडीच्या गोष्टीही ते वहीत लिहून घेत. एका नवरीची चप्पल खिडकीतून पडली म्हणून गाडी पाव मैल मागे आली होती. चढावर इंजिनाला धाप लागली की उतारू खाली उतरून चालायला लागत, करवंदं तोडत आणि चढ संपला की पुन्हा आपापल्या जागेवर बसत. खडीगाडीचा ड्रायव्हर घराजवळच्या वळणावर दोनदा शिट्टी वाजवी, तिकडे बायको चहाचं आधण ठेवी. ही प्रत्येक गोष्ट वरच्या खोलीतल्या टेबलावर होती. रुळाशेजारी तिळाएवढी एक लाल चप्पलसुद्धा होती.

“जगाची नजर तपासता,” त्यांची बायको म्हणायची, “आणि स्वतःची कायमची रुळावर. मी कोणती साडी नेसलेय ते न बघता सांगा बरं.”

“हिरवी.”

“ती टेबलावरची झाडं झाली.”

अशा माणसाच्या हातून माझा जन्म झाला. खालच्या स्टेशनचे मास्तर त्यांना कधी ऑफिसात बसू देत, कधी सिग्नलचा खटका ओढू देत. त्यांना काहीतरी भेट द्यावी असं चष्मेवाल्यांच्या मनात आलं. मग त्यांनी खरा दांडा कागदावर उतरवून घेतला. एका सुताराकडून सागाचा तुकडा आणला आणि महिनाभर घासला. खऱ्यावर जिथे पोचा होता तिथे पोचा, जिथे इंजिनाच्या चटक्यानं काळा डाग पडला होता तिथे तसाच डाग. कड्यांवरची अक्षरं भिंगातून बघून कोरली. वरून टेबलावरच्या सिग्नलसाठी आणलेला लाल रंग दोन हात दिला. एकच गोष्ट त्यांनी केली नाही. खऱ्याच्या पोटात शिसं ओतलं होतं, म्हणून तो जड होता. मी पोकळच राहिलो.

मास्तरांनी मला हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“चष्मेवाले, हे काय करून बसलात?”

“आवडलं नाही का?”

“आवडलं हो. म्हणूनच तर भीती वाटते.”

पण भेट परत कशी करायची? मास्तर भिडस्त. त्यांनी मला खऱ्या दांड्याच्या खुंटीपासून लांब, घड्याळाखाली वेगळा खिळा ठोकून टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ही शोभेची वस्तू आहे, हात लावायचा नाही. मी तिथे पाच महिने लटकलो. खरा दांडा खुंटीवर यायचा, जायचा. मी त्याच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, बाबा रे, तू मोठा, मी कुणी नाही, मला इथेच पडू दे.

मग तो गुरुवार उजाडला. आठ वाजता मास्तरांनी खरा दांडा पॅसेंजरच्या ड्रायव्हरच्या हातात दिला आणि स्वतःही त्याच गाडीत चढले. वरच्या गावात त्यांची मुलगी बाळंत झाली होती, म्हणून तीन दिवसांची रजा. त्यांच्या जागी बदली मास्तर अकराच्या खडीगाडीनं येणार होते. चष्मेवालेही वही घेऊन नेहमीप्रमाणे पॅसेंजरनं वर गेले.

मास्तर गेले तसं हमालाच्या मनात आलं, साहेब येईपर्यंत ऑफिसला चुना मारून ठेवावा, खूश होतील. स्वभावानं गरीब माणूस, कामाला वाघ. त्यानं भिंतीवरचं सगळं उतरवलं. घड्याळ, वेळापत्रक, आरसा, मी. चुना मारला. खिळेही उपटले, कारण ते गंजले होते. मग सामान पुन्हा लावताना त्यानं मला उचललं आणि इकडेतिकडे पाहिलं. आणलेले नवे खिळे संपले होते. समोर मोठी खुंटी रिकामी, आणि त्या खुंटीवर लाल दांडा असतो हे त्यालाही ठाऊक. त्यानं मला तिथे टांगलं आणि दोन पावलं मागे जाऊन समाधानानं पाहिलं.

माझी तर पाचावर धारण बसली. ती खुंटी मी पाच महिने लांबून पाहिली होती. तिथे असण्याचा अर्थ एकच, की रूळ मोकळा आहे. आणि रूळ मोकळा नव्हता. खरा दांडा वर होता, पॅसेंजर वर होती, आणि साडेअकराला ती माणसं भरून खाली यायला निघणार होती.

अकराला खालच्या खाणीकडून खडीगाडी आली. बदली मास्तर उतरले. नव्या जागी आलेला माणूस, अंगावर कडक इस्त्रीचा कोट. त्यांनी टेलिफोन उचलला, तो मुका. तारा आठवडाभर पडल्या होत्या. मग त्यांनी खुंटीकडे पाहिलं. मी तिथे. खिडकीतून बाहेर पाहिलं. पोस्टमनची सायकल भिंतीला टेकलेली. पोस्टमन टपाल द्यायला आला होता आणि आत हमालाबरोबर गप्पा मारत होता. बदली मास्तरांना या लाइनीची रीत कुणीतरी सांगून ठेवली होती. पोस्टमननं दांडा खाली आणलाय, म्हणजे पॅसेंजर वर अडकून बसलीय, असा त्यांनी सरळ हिशेब लावला. चूक म्हणावी तर एवढीच, की त्यांनी दांड्यावर विश्वास ठेवला. ती लाइनच मुळी त्या विश्वासावर चालत होती.

त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि खडीगाडीच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. हा ड्रायव्हर पॅसेंजरच्या ड्रायव्हरचा सख्खा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षं त्यानं दांडा घेतला होता, आणि एकोणीस वर्षांत एकदाही निरखून पाहिला नव्हता. आपण घराची किल्ली कुठे रोज निरखतो? त्यानं मला घेतलं आणि न बघता बॉयलरजवळच्या आकड्यात अडकवलं.

“चला, आज लवकर सुटलो,” तो फायरमनला म्हणाला. “दादा वर बसून जांभया देत असेल.”

आणि गाडी हलली.

त्या वेळची माझी अवस्था मला सांगता येत नाही. मला ओरडायचं होतं. मी खोटा आहे, खोटा आहे, थांबवा! पण लाकडाला कुठलं तोंड? चाकं फिरत होती. पहिला मैल गेला. दुसरा गेला. मी मनातल्या मनात पॅसेंजरचे डबे मोजत होतो. पहिल्या डब्यात बाजाराला येणाऱ्या बाया. दुसऱ्यात शाळामास्तर आणि त्यांची सहलीची पोरं. तिसऱ्यात, दाराजवळ, नेहमीच्या जागी, मांडीवर वही घेऊन चष्मेवाले. माझा बाप. त्यांनी महिनाभर बसून आपल्याच हातानं हे काम केलं होतं.

खडीगाडीत तरी कोण? ड्रायव्हर, फायरमन आणि मागे गार्ड. पण समोरच्या इंजिनावर ड्रायव्हरचा भाऊ होता. एकाच आईची दोन लेकरं एकाच रुळावर दोन्ही बाजूंनी निघाली होती, आणि दोघांनाही वाटत होतं की रूळ आपला.

तिसरा मैल गेला, चौथा लागला. पुढे खिंड होती. खिंडीत वळण असं की पलीकडची गाडी अगदी नाकाला नाक लागेपर्यंत दिसत नाही. इंजिनाला चढ लागला, भट्टी रसरसली. बॉयलरच्या धगीनं माझं अंग तापलं आणि मला घाम फुटला. लोक नंतर म्हणाले, तो सिग्नलचा हलका रंग होता, धगीनं पाघळला. म्हणोत बिचारे. मला विचाराल तर मी भीतीनं पाघळलो.

खिंडीच्या तोंडाशी आलं की धाकट्या ड्रायव्हरची एक सवय होती. दांड्यावरून एकदा हात फिरवायचा. आहे ना, एवढंच बघायचं. त्यानं डोळे समोर ठेवूनच हात मागे केला आणि मला घट्ट धरलं. मग हात पुढे घेतला. तळवा लाल.

“रक्त?” फायरमन दचकला. “उस्ताद, लागलं का कुठे?”

ड्रायव्हरनं तळव्याकडे पाहिलं. बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली. मग वळून, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, त्यानं दांड्याकडे नीट पाहिलं. मला आकड्यातून काढून हातात तोललं. मी हलका लागलो.

“हा आपला नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. “अरे, हा आपला दांडा नाही! फूटपट्टीचा आहे हा!”

त्यानं ब्रेक असा मारला की मागच्या वाघिणी एकमेकींवर आदळल्या. वाफेची शिट्टी ओढली आणि तिला बांधूनच टाकली. “पळ! अंगातला शर्ट काढ आणि वर पळ! दादा येतोय!” फायरमन उघड्या अंगानं, हातात शर्ट फडकवत खिंडीतून धावत सुटला. ड्रायव्हरनं गाडी मागे घ्यायची खटपट केली, पण चाकं रुळावर घसरायला लागली. मी त्याच्या काखेत होतो. त्याचं काळीज माझ्या अंगावर धाडधाड आपटत होतं.

वळणावर धूर दिसला. मग इंजिन. उतारावरून येणारं, चाकांतून ठिणग्या उडवणारं. थोरल्या भावानंही ब्रेक लावले होते, पण उतार कुणाचं ऐकतो? साठ पावलं. चाळीस. फायरमन बाजूला उडी मारून झुडपात पडला. वीस पावलं. मी जगाचा निरोप घेतला.

आठ पावलांवर गाडी थांबली.

आणि मग काय झालं ठाऊक आहे? डब्यांतली माणसं नेहमीप्रमाणे खाली उतरली आणि करवंदं तोडायला लागली. गाडी चढावर थांबली की उतरायचं, उतारावर थांबली तरी उतरायचं, एवढीच त्यांची समजूत. एक बाई म्हणाली, “आज इथे बरी थांबली, इकडची करवंदं गोड असतात.” शाळामास्तर पोरांना रांगेत उभं करून खिंडीचा दगड दाखवत होते. कुणालाच काही कळलं नव्हतं.

दोघे भाऊ मात्र मधल्या आठ पावलांत समोरासमोर उभे होते. थोरल्याच्या हातात खरा दांडा, धाकट्याच्या हातात मी.

“दादा,” धाकटा म्हणाला, आणि त्यानं मला पुढे धरलं. थोरल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि धाकटा तिथेच रुळावर बसला.

तेवढ्यात चष्मेवाले वही सावरत आले. दोन गाड्या समोरासमोर कधी दिसणार, अंतर मोजून घ्यावं म्हणून टेपही काढली होती. मग त्यांना दोन दांडे दिसले. टेप हातातून गळून पडली.

धाकटा उठला. त्यानं चष्मेवाल्यांचा हात धरला, आपला लाल तळवा त्यांच्या तळव्यावर दाबला आणि म्हणाला, “घ्या. तुमचा रंग तुम्हाला परत.”

पुढे चौकशी झाली. मास्तरांना बोलणी बसली, बदली मास्तरांची आणखी लांब बदली झाली, हमाल आठ दिवस जेवला नाही. मला करवतीनं कापून टाकावं असा हुकूम निघाला आणि ते काम चष्मेवाल्यांनी मागून घेतलं. त्यांनी मला वरच्या खोलीत नेलं, करवत माझ्या कमरेला लावली. मी डोळे मिटून वाट पाहिली. काप रे बाबा, सुटू दे एकदा. पण त्यांची नजर त्या पोच्यावर गेली, त्या काळ्या डागावर गेली. महिनाभराची मेहनत. त्यांनी करवत खाली ठेवली, मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. बायकोला खिंडीतल्या प्रकाराचं किंवा याचं अवाक्षर सांगितलं नाही. पुन्हा ते त्या गाडीत बसले नाहीत, आणि टेबलावर दोन गाड्या एकाच वेळी कधी चालवल्या नाहीत.

माळ्यावरची वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. तिथे उंदीर होते, धूळ होती, पण माझ्यावर विश्वास ठेवणारं कुणी नव्हतं. खाली लाइन बंद पडली, खडीला ट्रक आले, दोघे भाऊ वारले, मास्तर, हमाल, फायरमनही गेले, असं अधूनमधून कानावर पडायचं.

आता चष्मेवाले ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दुकान मुलगा बघतो. त्यांना कालचं जेवण आठवत नाही, पण सिग्नलच्या खांबाची उंची आठवते. महिन्यापूर्वी त्यांनी माळा आवरून घेतला, चादर उलगडली आणि मला पाहून त्यांचे डोळे भरून आले.

“अगं, हे बघ. हा तो दांडा. यानं किती माणसं सांभाळली आहेत.”

मी खोटा आहे हे जाणणारा जगात एकच माणूस उरला होता. तोही विसरला.

ती छोटी लाइन पुन्हा सुरू होते आहे. हौशी मंडळींनी समिती काढली, दोन्ही इंजिनं दुरुस्त केली, खिंडीतली झुडपं तोडली. परवा समितीचे चिटणीस आले. मोठा उत्साही माणूस, बोलताना खुर्चीत मावत नाही.

“आजोबा, कमालच झाली! वरच्या गावात जुन्या मास्तरांच्या मुलीकडे असाच एक दांडा सापडला. दाराला अडसर म्हणून लावला होता त्यांनी. चांगला वजनदार आहे. एक वरच्या स्टेशनला, एक खालच्या. दोन्हीकडे एकेक, किती सोयीचं!”

चष्मेवाले हसले आणि मान डोलावली. चिटणिसांनी रंगाचा डबाही आणला होता. इंजिनाला लावतात तो रंग, कितीही तापला तरी न उतरणारा. चष्मेवाल्यांनी स्वतः मला त्याचे तीन हात दिले.

काल चिटणीस मला न्यायला आले तेव्हा आजी, म्हणजे चष्मेवाल्यांची बायको, मला फडक्यानं पुसत होत्या. उद्घाटनाच्या दिवशी त्यांना पहिल्या डब्यात खिडकीची जागा कबूल केली आहे. पुसता पुसता त्या थांबल्या.

“काय हो,” त्या चिटणिसांना म्हणाल्या, “दांडा असला की गाडी सोडायची ना? मग दोन्हीकडे दांडे असल्यावर दोघांनी एकदमच सोडली तर?”

मी श्वास रोखला. साठ वर्षं जिला रेल्वेतलं काही कळत नाही म्हणून सगळे हसले, तिनं नेमकं बोट ठेवलं होतं. मी आशेनं चष्मेवाल्यांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते आपल्या उजव्या तळव्याकडे बघत राहिले. काहीतरी येत होतं, अगदी ओठांशी आलं होतं.

“रंग वाळला का गं?” त्यांनी विचारलं.

चिटणीस हसले. “आजी, वेळापत्रक असतं त्याला. काळजी करू नका, तुमची खिडकी पक्की.” आणि त्यांनी मला काखेत मारलं.

आता मी खालच्या स्टेशनच्या ऑफिसात आहे. नवा चुना, नवं घड्याळ, नवी खुंटी. बाहेर झेंड्यांच्या माळा लागल्या आहेत आणि लोक जमू लागलेत. आजी नवी साडी नेसून डब्यात बसल्या आहेत, मला खिडकीतून त्यांचं डोकं दिसतंय. वरच्या स्टेशनावरही असाच गजर चालू असेल, आणि तिथला ड्रायव्हरही कुणाचा तरी भाऊ असेल.

तुम्ही त्या गर्दीत असाल, तर एवढं करा. माझ्या पाया पडू नका, माझा फोटो काढू नका. ड्रायव्हर मला हातात घेईल तेव्हा पुढे व्हा आणि मोठ्यानं विचारा, दुसरा दांडा कुठे आहे? कुणी हसलं तरी चालेल, कुणी वेड्यात काढलं तरी चालेल. उत्तर मिळेपर्यंत गाडी सोडू देऊ नका. ड्रायव्हरनं हात पुढे केलाय. विचारा हो कुणीतरी, लवकर विचारा.